तिसरा रकाना

भाऊबीजेला बहिणीकडे जायचे ते ओवाळून घ्यायला आणि चार घास गोडाधोडाचे खायला, असा माझा आजवरचा समज होता. गेल्या दिवाळीत मात्र अक्काकडे मला चक्क शिकवणी करावी लागली. विद्यार्थिनी होती अक्काची सून, विषय होता मराठी, आणि माध्यम होते अर्धे इंग्रजी, अर्धे रुमानियन! वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. पण माणसे बोलतात म्हणजे नेमके काय करतात, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही तो कधी पडला नव्हता.

आधी घरची मंडळी सांगतो. अक्का माझी थोरली बहीण; माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. पुण्यात असते. तिचा एकुलता एक मुलगा संगणकाच्या कामानिमित्त सहा वर्षांपूर्वी रुमानियातल्या क्लूज शहरी गेला आणि तिथल्याच एका मुलीशी त्याने लग्न केले. लग्न नोंदणी पद्धतीने तिकडेच झाले. अक्काने ते फोनवर पाहिले, डोळे पुसले आणि शेजारीपाजारी पेढे वाटले. सून प्रत्यक्ष घरी आली ती गेल्या दिवाळीत. वसुबारसेच्या संध्याकाळी मी सांगलीहून पुण्याला पोचलो, तेव्हा दारात रांगोळी होती, आकाशकंदील लागला होता, आणि घरात मात्र एक चमत्कारिक शांतता होती.

भाच्याने मला गच्चीवर नेऊन झाला प्रकार सांगितला. दोन दिवसांपूर्वी सून पाहायला म्हणून शेजारच्या चार बायका आल्या होत्या. सूनबाई साडी सावरत बाहेर आली आणि नवऱ्याकडून शिकलेले वाक्य तिने मोठ्या हौसेने सर्वांदेखत म्हटले, "आई, तू बस. मी चहा आणते." व्याकरणाची एक चूक नाही! पण शेजारच्या काकूंनी भुवया चढवल्या. "अगंबाई, सासूला तू?" असे म्हणून त्या हसल्या. अक्का काही बोलली नाही. आणि तेव्हापासून ती सुनेशी 'जेवायला ये' आणि 'पंखा लाव' यापलीकडे बोलली नव्हती.

"मामा, अरे, मी आईला तूच म्हणतो ना!" भाचा कळवळून म्हणाला. "तिनं विचारलं, मराठीत 'यू'ला काय म्हणतात? मी सांगितलं, तू. आता आई रुसलीय, आणि ही रोज विचारते, माझं काय चुकलं?"

धनत्रयोदशीच्या सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, तोच सूनबाई समोर येऊन उभी राहिली. हातात एक जुनी, कोपरे मुडपलेली वही. शाळेत असताना ती इंग्रजी शिकली ती या वहीवर. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे रुमानियन अर्थ. पाने विषयवार लावलेली : घर, बाजार, हवा, शरीर. तिने उघडलेल्या पानाचा मथळा होता 'बोलणे'. त्याखाली ओळीने साठएक शब्द. आणि उजव्या अंगाला पेन्सिलीने आणखी एक रेघ मारून तिने एक तिसरा रकाना आखला होता. तो कोरा होता.

"मामा," ती इंग्रजीतून म्हणाली, "तुम्ही मराठीचे शिक्षक. माझं काय चुकलं ते मला इथं कुणीच सांगत नाही. तेव्हा हा रकाना भरून द्या. मी पहिल्यापासून शिकते." (तिच्या 'यू'चा मी इथे 'तुम्ही' केला आहे. तेवढा अधिकार अनुवादकाला असतो. आणि पुढे दिसेल की सगळी गोम त्या अधिकारातच होती.)

पहिल्या चार ओळींवरच आम्ही अडलो : से, टेल, स्पीक, टॉक. आपली मुले या चौघांत वर्षानुवर्षे गोंधळतात. सूनबाई म्हणाली, तिकडचीही गोंधळतात. कारण रुमानियनमध्ये या चौघांची वाटणी निराळी आहे. 'स्पीक' आणि 'टॉक' या दोघांचे काम तिथे 'अ वोर्बी' हे एकच क्रियापद करते. उलट 'से'ला मात्र दोन शब्द, 'अ झिचे' आणि 'अ स्पुने'. आणि त्यातला 'अ स्पुने' हा 'टेल'चेही काम पाहतो. (यातला सुटा 'अ' म्हणजे आपल्या 'बोलणे'मधला 'णे' समजावा, तो फक्त क्रियापदाची खूण.)

रुमानियन ही लॅटिनची लेक. फ्रेंच आणि इटालियन तिच्या सख्ख्या बहिणी. पण ती नांदली दूर पूर्वेला, स्लाव्ह आणि हंगेरियन भाषांच्या शेजारात. म्हणून तिच्या अंगावर माहेरचे लॅटिन दागिने आहेत तसे शेजारणींनी दिलेलेही आहेत. 'अ झिचे' हा माहेरचा. तो लॅटिन 'दिकेरे'पासून आला, आणि त्या धातूचा सर्वांत जुना अर्थ बोट दाखवणे. आपल्या संस्कृतातला 'दिश्' त्याच कुळातला. दिशा, आदेश, उपदेश ही त्याचीच मुलेबाळे. 'अ स्पुने' आला 'एक्स्पोनेरे'पासून, म्हणजे बाहेर मांडणे. आपणही 'बाजू मांडली', 'म्हणणे मांडले' असे म्हणतोच की! आणि इंग्रजी 'टेल'चा मूळ अर्थ तर चक्क मोजणे. बँकेत नोटा मोजून देणाऱ्याला 'टेलर' म्हणतात तो त्यामुळेच. 'ऑल टोल्ड' म्हणजे एकूण, आणि 'अन्टोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, अगणित संपत्ती. कुणाला बोलणे म्हणजे बोट दाखवणे वाटले, कुणाला मांडणे वाटले, तर कुणाला एकामागून एक मोजत जाणे.

"आणि मराठीत?" सूनबाईने पेन्सिल सरसावून विचारले.

मी 'म्हणणे', 'सांगणे', 'बोलणे' असे तीन शब्द लिहून दिले आणि सुटलो असे समजलो. तर ती म्हणाली, "आई काल देवापुढे उभ्या राहून गात होत्या. त्याला यातलं काय?" मी म्हणालो, ते गाणे नव्हे, स्तोत्र. स्तोत्र 'म्हणतात'. पाढे म्हणतात, आरती म्हणतात, गाणेसुद्धा म्हणतात. त्यावर ती टाळी वाजवून हसली. तिच्या देशात खेड्यापाड्यांतले लग्नाचे वाजंत्री असतात. त्यांना 'लाउतार' म्हणतात. त्यांना गायला किंवा वाजवायला सांगायचे तर लोकांच्या तोंडी 'अ झिचे' हेच क्रियापद असते. 'गाणे म्हण' ही आपली वाटणारी लकब तिकडे कार्पेथियन डोंगरातही आहे! इंग्रजीत 'से अ साँग' म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला काही उमगणार नाही.

तिसऱ्या रकान्यात 'म्हणणे' लिहिताना माझे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. दाराआड अक्का उभी होती. हाताला चकलीचे पीठ तसेच होते. माझी नजर जाताच ती आत वळली.

पुढची ओळ नेमकी त्याच विषयाची निघाली : चोरून ऐकणे. याला इंग्रजीत 'ईव्ह्‌ज्‌ड्रॉप' म्हणतात. छपराच्या कडेवरून ज्या पागोळ्या गळतात, त्या जिथे पडतात ती जागा म्हणजे 'ईव्ह्‌ज्‌ड्रिप'. त्या पागोळ्यांखाली भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि आतले बोलणे ऐकायचे. असे करणारा तो 'ईव्ह्‌ज्‌ड्रॉपर'. कोकणातल्या माणसाला हे चित्र समजावून द्यायला नको. रुमानियन माणूस मात्र पागोळ्यांपर्यंत जात नाही. तो म्हणतो, 'अ त्राजे कु उरेक्या', म्हणजे कानाने ओढून घेणे! आपण कान टवकारतो, ते कानाने ओढतात. ऐकायचे तेवढे सगळे ऐकतात.

त्याच्याच खाली 'गॉसिप' होता. आज या शब्दाला वाईट वास येतो. पण त्याचा जन्म पवित्र आहे. 'गॉड' म्हणजे देव आणि 'सिब' म्हणजे नातलग. मुलाच्या बाप्तिस्म्याला जे धर्मपिता, धर्ममाता म्हणून उभे राहत, ते 'गॉडसिब'. पुढे बाळंतपणाच्या वेळी जमणाऱ्या मैत्रिणींना तो शब्द लागू लागला, आणि मग त्या मैत्रिणी जमून जे करीत त्याला! म्हणजे बारशाला आलेल्या बायकांच्या कुजबुजीला बारसे म्हणण्यातलाच प्रकार. सूनबाई म्हणाली, "आमच्याकडे त्याला 'बिर्फा' म्हणतात, आणि त्याला पवित्र जन्मबिन्म काही नाही." शेजारच्या काकूंची मला आठवण झाली; पण मी काही बोललो नाही.

नरकचतुर्दशीला पहाटेची अभ्यंगस्नाने आटोपून, फराळाची ताटे पुढ्यात घेऊन पुन्हा वही निघाली. त्या दिवशी प्रवासी शब्दांची पाळी होती. इंग्रजीत 'पलाव्हर' म्हणून एक शब्द आहे. अर्थ लांबलचक, फुकटची बडबड. रुमानियनमध्ये त्याच अर्थाचा 'पालाव्रा'. दोन्ही सारखे दिसतात म्हणून कुणी म्हणेल, एकाने दुसऱ्याकडून घेतला. मुळीच नाही! पोर्तुगीज भाषेत 'पालाव्रा' म्हणजे शब्द. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, तिथल्या जुन्या मंडळींना हा शब्द शाळेपासून ठाऊक. पोर्तुगीज व्यापारी तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले, तिथे तो इंग्रज खलाशांनी उचलला. रुमानियाला तो गेला तो दुसऱ्याच वाटेने. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिले, त्यांतले पुष्कळ तुर्की साम्राज्यात जाऊन राहिले. त्यांच्या स्पॅनिश बोलीतून तो तुर्कीत शिरला आणि तुर्कांकडून रुमानियात. एक शब्द समुद्रावरून, एक जमिनीवरून. दोघांचा बाप एकच, लॅटिन 'पाराबोला', म्हणजे दृष्टान्त. आणि गंमत पुढेच आहे. त्याच बापाचा तिसरा मुलगा फ्रेंचमध्ये 'पार्ले', बोलणे, म्हणून वाढला, आणि त्याच्यापासून झाले 'पार्लमेंट'! तेव्हा पार्लमेंट आणि पालाव्रा यांचे नाते कुणी काढले, तर तो विनोद नव्हे, निव्वळ भाषाशास्त्र आहे.

तुर्कांकडूनच रुमानियनला आणखी एक गोड शब्द मिळाला : 'ताइफास'. निवांत बसून मारलेल्या जिव्हाळ्याच्या गप्पा. कोशकार त्याचे मूळ तुर्की 'तायफा', म्हणजे माणसांचा गट, असे देतात. आणि हा तुर्की शब्द अरबी 'ताइफा'वरून आला. त्या अरबी शब्दाची आपल्याकडची शाखा ओळखीची आहे. नाचगाण्याचा तायफा आणि मोटारींचा ताफा हे त्यातलेच. आपण माणसे जमवून पुढे मोटारी लावल्या. रुमानियन लोकांनी तीच माणसे जमवून त्यांना गप्पा मारायला बसवले. कुणाचे अधिक बरे झाले, हे वाचकांनीच ठरवावे.

मग आवाजी शब्द आले. कुजबुजणे म्हणजे 'व्हिस्पर', तिकडे 'अ शोप्ती'. तिन्ही शब्द नुसते कानांनी ऐकले तरी ओठ कुणाच्या तरी कानाशी गेल्यासारखे वाटते. पानांची सळसळ आणि माणसांची पुटपुट यांना इंग्रजीत 'मर्मर', रुमानियनमध्ये 'अ मुर्मुरा', आणि संस्कृतात 'मर्मर'. अडखळत बोलणारा तिथे 'बिल्बिइ' करतो. आपल्या 'बर्बर' शब्दातही तीच ब-ब आहे. ज्याचे बोलणे आपल्याला नुसते ब-ब वाटते तो बर्बर! ग्रीकांनी परक्यांना हेच नाव दिले. स्लाव्ह लोक त्याहून एक पायरी पुढे गेले. जर्मनांची भाषा त्यांना कळेना, म्हणून त्यांनी जर्मनांना 'मुका' या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले. रुमानियन लोकांनी ते स्लाव्हांकडून जसेच्या तसे घेतले. आजही तिकडे जर्मन माणसाला 'न्याम्त्स' म्हणतात. जगात एवढे बोलणारे, लिहिणारे, तत्त्वज्ञान सांगणारे लोक; पण शेजाऱ्याला त्यांचे बोलणे कळले नाही, म्हणून ते कायमचे मुके ठरले!

हे मी सांगत असताना सूनबाईचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात ती म्हणाली, "मामा, या घरात मी न्याम्त्स आहे."

मला काय बोलावे सुचेना. कोश जवळ असून उपयोग नसतो असे काही प्रसंग असतात.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही पानाच्या तळाशी आलो. शेवटचा शब्द 'गप्प राहणे'. इथे एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली. बोलण्याला डझनावारी क्रियापदे असलेल्या इंग्रजीत न बोलण्याला रोजच्या वापरातले एक सुटे क्रियापद नाही. 'कीप क्वाएट', 'बी सायलेंट' असे दोन शब्द जोडून ते भागवतात. आपलीही तीच तऱ्हा. गप्प बसतो, मौन धरतो. रुमानियनमध्ये मात्र लॅटिनकडून आलेले एक अख्खे क्रियापद त्यासाठी राखून ठेवलेले आहे : 'अ तचा'. तिथे गप्प राहणे हे बसण्याचे किंवा धरण्याचे काम नाही. बोलण्यासारखेच ते एक स्वतंत्र काम आहे.

आणि हे काम तिथल्या एका थोर शिल्पकाराने दगडात घडवले. कोन्स्तान्तिन ब्रान्कुश याचे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून १९३८ मध्ये त्याने तिर्गू-झिऊ गावी जी शिल्पे उभारली, त्यांत एक दगडी गोल मेज आहे. भोवती बारा दगडी बैठका. नाव 'मासा तचेरी', मौनाचे मेज. बैठका मेजापासून इतक्या दूर की त्यावर हात टेकवता येऊ नये. या ब्रान्कुशचा आपल्या माणसांशीही संबंध आला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी त्याचे पक्षी-शिल्प विकत घेतले होते आणि इंदुरात ध्यानासाठी एक मंदिर उभारण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली होती. त्यासाठी १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो इंदूरला येऊनही गेला. मंदिर मात्र झाले नाही. मौनाचे मेज रुमानियात झाले आणि मौनाचे मंदिर इंदुरात राहून गेले!

"आई जे करताहेत ते 'अ तचा' आहे," सूनबाई म्हणाली. "त्या नुसत्या बोलत नाहीत असं नाही. गप्प राहण्याचं काम करताहेत. तेच मला समजत नाही."

आता मात्र मला राहवले नाही. मी तिला 'तू'ची हकिकत सांगितली. सगळे पान आम्ही चाळले होते. साठ शब्द झाले होते. पण ज्या एका शब्दावर सारे बिनसले तो त्या पानावर नव्हताच, कारण 'तू' हा बोलण्याविषयीचा शब्द नाही. तो बोलण्याच्या आधी ठरवायचा शब्द आहे.

ती कपाळाला हात लावून बसली. कारण समोरच्याला संबोधण्याच्या पायऱ्या तिच्या भाषेत आपल्यासारख्याच आहेत! बरोबरीच्याला 'तु', हो, अगदी आपलाच. मान राखून पण घरोब्याने बोलायचे तर 'दुम्न्याता'. आणि पूर्ण अदबीने बोलायचे तर 'दुम्न्यावोआस्त्रा', म्हणजे मुळात 'आपले स्वामित्व'. त्याच्यापुढे क्रियापद अनेकवचनी येते, आपल्या 'तुम्ही'पुढे येते तसे. तू, तुम्ही, आपण. तीन पायऱ्यांना तीन पायऱ्या. "माझ्या आजीला मी आजही दुम्न्याता म्हणते," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत तशी सोय आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

सांगणार कोण? ते दोघे नवराबायको बोलतात इंग्रजीतून. इंग्रजीत पूर्वी 'दाउ' आणि 'यू' अशा दोन पायऱ्या होत्या. पुढे 'दाउ' व्यवहारातून गेला आणि सरसकट सर्वांना 'यू' उरला. तेव्हा अलीकडच्या काठावर अदब होती, पलीकडच्या काठावर अदब होती. मधल्या पुलावर मात्र तिला जागा नव्हती. शब्द पलीकडे पोचला, मान पाण्यात पडला.

पाडव्याला मी हे सारे अक्काला समजावून सांगितले. ती पोळपाटावर पुऱ्या लाटत ऐकत होती. तिला जरा हसवावे म्हणून मी म्हणालो, "अक्का, तुला ठाऊक आहे? त्यांच्याकडे सुनेला 'नोरा' म्हणतात. आपली 'स्नुषा' आणि ती 'नोरा' या एकाच मूळ शब्दाच्या लेकी. आपली 'सून' स्नुषेवरूनच आली. इंग्रजीतसुद्धा असा एक शब्द होता. त्यांनी तो टाकला आणि 'डॉटर-इन-लॉ' म्हणजे कायद्याने मुलगी करून ठेवली."

"आणि सासूला काय म्हणतात?" लाटणे न थांबवता अक्काने विचारले.

"सोआक्रा. संस्कृतातली 'श्वश्रू', आपली 'सासू', तेच कूळ."

"म्हणजे सासवा तिथंही आहेत म्हणायच्या," अक्का म्हणाली.

आहेत तर! इऑन क्रेआंगा या त्यांच्या नामवंत कथाकाराने १८७५ मध्ये 'सासू आणि तीन सुना' या नावाची एक गोष्ट लिहिली. त्यातल्या सुना सासूच्या जिभेलाच अशी इजा करतात की तिचे बोलणे बंद होते, आणि मग तिच्या खुणांचा अर्थ आपल्याला सोयीचा तसा लावतात. ही गोष्ट जिथे छापून आली त्या मासिकाचे नाव होते 'साहित्यविषयक संभाषणे'! अक्काला मी ही गोष्ट सांगितली नाही. पण न बोलणाऱ्या माणसाच्या मौनाचा अर्थ लावण्याची आपल्याला केवढी घाई असते, एवढे मात्र मनात येऊन गेले. आम्ही सर्वांनीही अक्काच्या मौनाचा अर्थ लावूनच टाकला होता ना?

भाऊबीजेच्या सकाळी सूनबाईने निरांजनाचे तबक आणले, पाट मांडला आणि जपून, एकेक अक्षर तोलून म्हणाली, "आई, तुम्ही बसा. मी ओवाळणीचं आणते."

अक्काने तिच्याकडे पाहिले. मग तिने तिचा हात धरून तिला शेजारी बसवले आणि मराठीतूनच, अगदी सावकाश, बोलायला सुरुवात केली.

"हे बघ, मी तुझ्यावर रागावले नव्हते. हा तिकडं गेल्यापासून या घरात मला तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तू म्हणालीस, मला बरं वाटलं. पण काकू हसल्या तेव्हा मी तिथल्या तिथं सांगायला हवं होतं, की माझ्याच घरातली मुलगी आहे, तू म्हणेल नाहीतर काय म्हणेल? मी नाही सांगितलं. चारचौघींत लाजले. त्याची मग मलाच लाज वाटली, आणि तुझ्याशी बोलायला जीभ उचलेना."

मी दुभाषाचे काम करायला घसा साफ केला. सूनबाईने हात वर करून मला थांबवले. त्यातले किती शब्द तिला कळले होते देव जाणे. निम्मेही कळले नसतील. पण ती अक्काच्या खांद्याला टेकून बसून राहिली. भाचा खिडकीबाहेर पाहू लागला. मी आपला पाटावर, कपाळाला कुंकू लागण्याची वाट पाहत!

दुपारी वही शेवटची उघडली. पानाच्या अगदी वरच्या ओळीत एक शब्द आम्ही सोपा म्हणून सोडून दिला होता : 'वर्ड', म्हणजे शब्द. रुमानियनमध्ये 'कुवंत'. हा आला लॅटिन 'कोन्वेन्तुम'पासून, आणि त्याचा अर्थ आहे एकत्र येणे, सभा, मेळा! माणसे जमली, म्हणून बोलणे झाले. बोलणे झाले, म्हणून त्यातला एकेक कण म्हणजे 'कुवंत', शब्द. मला एकदम इंग्रजी 'थिंग' आठवला. आज त्याचा अर्थ वस्तू. पण जुन्या काळी 'थिंग' म्हणजे सभा. आइसलंडच्या इ. स. ९३० च्या सुमारास स्थापन झालेल्या लोकसभेचे नाव आजही 'आल्थिंग' आहे. सभेत जी बाब निघे ती 'थिंग', आणि मग कुठलीही बाब 'थिंग'.

आणि मराठीत? आमची 'गोष्ट'! संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे चार माणसांची बैठक. आणि तीही निघाली 'गोष्ठ'पासून, जिथून आपला 'गोठा' आला. गायी जमतात तो गोठा, माणसे जमतात ती गोष्ठी, आणि जमून ती जे बोलतात ती गोष्ट. म्हणून आपण 'गोष्ट सांग' म्हणतो, तेव्हा ती कथा असते. 'ही गोष्ट बरी नाही' म्हणतो, तेव्हा ती बाब असते. आणि 'चार गोष्टी कर' म्हणतो, तेव्हा ते नुसते बोलणे असते. एकमेकींना न विचारता तीन भाषा एकाच ठिकाणी येऊन पोचल्या होत्या : आधी माणसे जवळ येऊन बसतात, मग शब्द जन्मतो. आम्ही पाच दिवस उलटीकडून चाललो होतो. आधी शब्द जुळवीत होतो, माणसे मागाहून बसतील म्हणून.

तिसऱ्या रकान्यात मी 'गोष्ट' लिहिले. "आणि 'तू'?" सूनबाईने विचारले. मी वही अक्काकडे सरकवली. अक्काने चष्मा लावला आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिले, 'घरात तू. काकू आल्यावरही तू.'

तेवढ्यात दार वाजले. काकूच! फराळाचे ताट परत करायला आल्या होत्या. सूनबाई उठली, खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "पोफ्तीम!" या, बसा, घ्या, आणि ऐकू आले नाही तर 'काय म्हणालात?', इतक्या सगळ्यांना तिच्या भाषेत हा एकच शब्द पुरतो. काकू बुचकळ्यात पडल्या. "काय म्हणाली गं ही?"

"बसा म्हणाली," अक्काने सांगितले, आणि सुनेकडे वळून म्हणाली, "अगं, तू पण बस. चहा मी आणते."